रंभाजीमामांचा दोन मिनिटांचा काळोख

एकोणीसशे बाहत्तर साली श्रीरामपुरात आम्ही चार-पाच शहाण्यांनी फिल्म मंडळ काढलं. वर्गणीदार एकोणतीस, प्रोजेक्टर एक, आणि तो चालवायला रंभाजीमामा. मामांचं निम्मं आयुष्य तंबूच्या टॉकीजबरोबर जत्रा हिंडण्यात गेलेलं. तंबूत मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलायला दोन मिनिटं जायची. तेवढ्यात पब्लिक उठू नये म्हणून मामा दिवा लावायचे आणि गाण्याची रेकॉर्ड. तीच रीत त्यांनी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये चालवली. मी सेक्रेटरी. मला ते गावंढळ वाटायचं, पण मशीन अडलं की मामांशिवाय हलायचं नाही, म्हणून गप्प.

पुण्याहून एका स्वीडिश दिग्दर्शकाचे चित्रपट आले. पहिल्यात बर्फातल्या घरात म्हातारी आई मरते, आणि नेमकं तिथंच रीळ संपतं. त्या दिवशी ना दिवा लागला, ना रेकॉर्ड. दोन मिनिटं काळोखात कुणी खोकलंसुद्धा नाही.

तो काळोख चित्रपटातलाच समजून मी लगेच नगरच्या एका साप्ताहिकाला दिग्दर्शकाचं मूल्यमापन धाडलं. मृत्यूनंतर पडदा काळा ठेवण्याचं धाडस आपल्याकडे कुणात आहे, वगैरे. छापून आलं तेव्हा मामांनाही वाचून दाखवलं.

"सेक्रेटरी, ते म्याच केलं," मामा म्हणाले. "मयताच्या घरात रेकार्ड कशी लावायची? बॅटरीच्या उजेडात रीळ बदललं."

"मामा, कुठं बोलू नका."

"मी कशाला बोलतोय? नाव तुमचं छापलंय."

महिन्याभरानं पुण्याचे एक प्राध्यापक चर्चेला आले. माझा लेख त्यांच्या हातात. "हा चित्रपट मी तीनदा पाहिलाय," ते म्हणाले, "तुमचा तो काळोख काही मला भेटला नाही."

एकोणतीस माना माझ्याकडे वळल्या. मामा मागं मशीनपाशी उभे होते.

"ऑपरेटरची चूक असणार," मी म्हणालो. "तंबूतला माणूस, दुसरं काय."

लोक हसले. मामांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "व्हय, चुकलंच माझं. पुन्यांदा न्हाई व्हनार."

चर्चेनंतर त्याच दिग्दर्शकाचा दुसरा चित्रपट लावला. त्यात लहान मुलगी जाते. बाप तिच्या पायांत बूट चढवतो, नाडी बांधतो, आणि रीळ संपलं.

भक्कन दिवा लागला. ढोलकी कडाडली आणि फक्कड गाणं सुरू झालं. सगळा हॉल हसला, प्राध्यापकही हसले. मी मागं वळून बघितलं. मामा मान खाली घालून रीळ चढवत होते, सांगितल्या कामाच्या माणसासारखे.

उठून रेकॉर्ड बंद करायला सांगायचं, तर माझ्या खुर्चीपासून मशीनपर्यंत फार तर बारा पावलं होती. मी खुर्चीतच बसून राहिलो. गाणं पुरतं वाजलं.