अप्पांच्या खिशातली विभूती

अप्पांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, माझं शेवटचं समोरासमोर बोलणं झालं ते मानवतच्या घरी, न्हाणीघरात, कपडे धुण्याच्या मशीनपुढे. पुण्याहून दोन दिवसांसाठी गेलो होतो. मशीनमधलं पाणी निघत नव्हतं, म्हणून दारही उघडत नव्हतं, आणि काचेमागे अप्पांचे पांढरे सदरे गढूळ पाण्यात बुडून होते.

“तीन दिस झाले,” आई म्हणाली. “कुणाला बोलवूच देइनात. माझं लेकरू यायलंय, ते करतंय म्हणायलेत.”

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं... मी वैतागलो. खालच्या कोपऱ्यातलं झाकण काढलं, परात लावली, फिल्टर फिरवला. आधी पाणी आलं, मग जाळीत अडकलेला पांढरा चिखल. सुताच्या धाग्यांत मळलेली विभूती!

अप्पांच्या खिशात विभूतीचा खडा कायम असायचा. त्यांच्या किराणा दुकानात कुणाचं रडकं पोर आलं, की त्याच्या कपाळावर तीन बोटं ओढायचे. हे मशीन आलं त्या दिवशी त्याच्या दारावरही ओढली होती. मी पुण्याला निघालो की एसटीच्या खिडकीतून हात घालून माझ्या कपाळाला लावायचे, आणि पाथरी यायच्या आत मी ती रुमालानं पुसून टाकायचो. हे त्यांना कधी कळलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो.

त्या दिवशी मी म्हणालो, “अप्पा, देव देवघरात ठेवा. पुन्हा खिशात विभूती दिसली तर मी यायचा नाही.”

अप्पा भरलेली परात दोन्ही हातांनी धरून उभे होते. “बरं,” म्हणाले. “न्हाई ठेवत. तू येत जा.”

दुसऱ्या दिवशी स्टँडवर त्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला आणि तसाच खाली आला. माझं कपाळ कोरडं राहिलं. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढं दोन महिन्यांनी, सकाळी दुकान उघडताना त्यांच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांच्या जीपमधून परभणीला नेताना वाटेतच ते गेले. आम्हा लिंगायतांत शेवटच्या घटकेला कपाळाला विभूती लावतात. आईच्या मांडीवर डोकं होतं. त्यांचा हात दोनदा खिशाशी गेला, मग आईनंही चाचपून पाहिलं...

“न्हवती रे,” ती मला म्हणाली. “नुसता पदर फिरवला कपाळावरून.” तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. तक्रार केली असती तर मला सोपं गेलं असतं. माती देण्याआधी जंगमस्वामींनी कपाळभर विभूती लावली, पण ती मागणारा हात तोवर थांबला होता.

पाहुणे पांगल्यावर मी न्हाणीघरात गेलो, परात लावली आणि फिल्टर उघडला. चिमूटभर तरी निघेल, एखाद्या सदऱ्यात चुकून राहिली असेल, असं वाटत होतं. जाळीत बोट फिरवलं. परातीत पडलं ते नितळ पाणी.

आई दारात येऊन उभी राहिली.

“कशाला उघडलास?” ती म्हणाली. “चांगलं चालायलंय की ते. तू सांगितल्यापासून एकदाबी अडकलं न्हाई.”