घोडीचं पांघरूण

या पावसात घोडीची पाठ पुन्हा बिघडली तर दिवाळीनंतर तिला विकायची, असं माझ्या यजमानांनी जेवताना जाहीर केलं. सासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. मामांनी उभा जन्म कोल्हापूर स्टेशनवर टांगा चालवला. नव्वदच्या दशकात रिक्षा वाढल्या, टांग्यात बसायला गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा त्यांनी टांगा बंद करून एक पांढरी घोडी घेतली आणि लग्नाच्या वरातीला भाड्यानं द्यायला सुरुवात केली. तुळशीचं लग्न झालं की मागणी सुरू व्हायची, ती पाऊस येईपर्यंत. पावसाळाभर घोडी नुसती उभी.

हे नुसतं उभं राहणंच अवघड होतं. कसबा बावड्यात आमच्या घरामागं पत्र्याची शेड होती, तीन बाजूंनी बंद, पश्चिमेकडून मोकळी. चौथी भिंत घालायला जागामालक तयार नव्हता. आषाढात झड लागली की वारा पाऊस थेट आत आणून टाकायचा. आदल्या वर्षी मामांनी तिच्यावर ताडपत्री टाकली होती. बाहेरचं पाणी आत जात नव्हतं हे खरं, पण आतली वाफही बाहेर जात नव्हती. घोडी पावसानं नाही, घामानं भिजायची. महिन्याभरात पाठीवर खपल्या धरल्या आणि केसांचे झुबके हातात यायला लागले. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "कातडीला हवा लागू द्या आणि ओल राहू देऊ नका." दोन्ही एकदम कसं करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. टक्कल पडलेल्या घोडीवर नवरदेव कोण बसवणार? ठरलेल्या वरातीही मोडल्या.

"आबा, जनावर ठेवायचं तर नीट ठेवायचं," हे म्हणाले. "न्हाईतर ज्याच्याकडं जागा हाय त्येला द्यायचं."

"जागा हाय त्येच्याकडं जीव लावणारं माणूस असतंय व्हय?" मामांनी विचारलं.

मग दोघं एकमेकांकडं न बघता माझ्याकडं बघायला लागले. मी एका शाळेच्या कार्यालयात नोकरीला होते. कुठली वस्तू कुठून आणायची, ती किती टिकेल, कधी बदलायची, हे बघणं घरातही माझ्याकडंच होतं. मी म्हटलं, "पांघरुणाचं मी बघते. पण मी सांगेन तसं घालायचं आणि मी सांगेन तेव्हा काढायचं."

"मंजूर," मामा म्हणाले.

सुरुवात गोणपाटापासून केली. पोती उसवून जोडली. स्वस्त, आणि हवा खेळती. भुरभुर पावसात ते बरं चाललं. जोराची सर आली की मात्र पाणी पिऊन इतकं जड व्हायचं की घोडी मान टाकून उभी राहायची. एकदा भिजलं की वाळायचं नाव नाही. ओलं पांघरूण घालण्यापेक्षा काही न घातलेलं बरं, हे पहिल्याच आठवड्यात समजलं.

मग घोंगडं. लोकरीला ऊब असते आणि बारीक पाऊस ती वरच्यावर झटकते. दोन जाड घोंगडी घेतली, एक अंगावर आणि एक वाळत. वाळत म्हणजे न्हाणीघरात, बंबाच्या वर बांधलेल्या दोरीवर. त्या पावसाळ्यात आमच्या घरातल्या सगळ्या कपड्यांना मेंढरांचा वास होता. शाळेत शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "मेंढ्या पाळल्यात की काय?" मी म्हटलं, "नाही, घोडी." त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

पण खऱ्या झडीपुढं घोंगडंही पुरेना. त्याच्यावर पाणी अडवणारं आणि तरी वाफ सोडणारं काहीतरी हवं होतं. मामांनी माळ्यावरून टांग्याचा टप, म्हणजे वरचं छप्पर, खाली काढला. जाड कॅनव्हास, अजून धड. "हे काप," म्हणाले. मी टेपनं घोडी मोजली, छातीच्या मध्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत. टप जेमतेम कमरेपर्यंत पुरत होता. मामांनी तो दोनदा ओढून बघितला, तेवढ्यानं वाढणार थोडाच होता. शेवटी मंडपवाल्याकडून तंबूचं घट्ट विणीचं कापड आणलं. त्याच्याकडं हिरवंच शिल्लक होतं. टांग्याचे टप शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून त्याची झूल शिवून घेतली. छातीला दोन पट्टे, पोटाखालून फुलीसारखे दोन. पोट आणि पट्टा यांच्यामध्ये उभा तळहात जाईल एवढी ढील ठेवायला सांगितली. कमी ठेवली तर पट्टा काचतो, जास्त ठेवली तर घोडी उठता-बसता पाय अडकवून घेते.

नव्या झुलीवर पहिला पाऊस झाला आणि सकाळी बघतो तर घोडी पोपटी.

शेजारचा दूधवाला सायकल थांबवून म्हणाला, "वयनी, घोडी रंगपंचमी खेळाय गेलती काय?"

मामा गोठ्यातून ओरडले, "तुझ्या लग्नाला अशीच पाठवतो की! हिरव्या घोडीवरनं पयला नवरा तू!"

झूल मिठाच्या पाण्यात भिजवली, धुतली, पुन्हा भिजवली. साबण लावला नाही. रंग जायचा थांबला. मानेच्या बुडाशी जिथं हाड वर येतं तिथं कापड घासून केस जायला लागले होते, म्हणून आतून जुन्या सुती लुगड्याची दुहेरी पट्टी लावली. मग घरात नियम घालून दिले. घोडी ओली असेल तर आधी भाताच्या पिंजराचा, म्हणजे पेंढ्याचा, बोळा करून तिला चोळून कोरडी करायची, मगच पांघरूण. सकाळ-संध्याकाळ झुलीखाली, खांद्याच्या मागं हात घालून बघायचं. हात कोरडा, कोमट निघाला तर ठीक. दमट निघाला तर आतलं घोंगडं काढायचं. उघडीप मिळाली की सगळं उतरवायचं आणि तिला मोकळी ठेवायची.

आषाढ असा निघून गेला. पाठ स्वच्छ होती. हे रोज सकाळी कामाला जाण्याआधी गोठ्यात जाऊन बघायचे.

श्रावणातल्या एका रविवारी आम्ही दोघं नृसिंहवाडीला दर्शनाला गेलो. निघताना स्वच्छ ऊन होतं, म्हणून मी झूल आणि घोंगडं दोन्ही काढून दोरीवर टाकलं. संध्याकाळी परत आलो तर घोडी दोन्ही पांघरुणं लेवून उभी, नाकपुड्या फुगलेल्या. मामा शेजारी पाटावर बसलेले. मी झुलीखाली हात घातला. कोपरापर्यंत ओला निघाला.

"मामा, हे कधी घातलंत?"

"तुम्ही गेलासा आन् ढग आलं की. सर येणार व्हती."

"आली का?"

"न्हाई आली. पर आली असती तर? जनावर बोलत न्हाई, पोरी. आपणच समजून घालाय पायजे."

"बोलत नाही म्हणूनच हात घालून बघायचं, मामा. तिला उकडतंय हे ती कुणाला सांगणार?"

आम्ही तिघांनी मिळून तिला चोळून कोरडी केली आणि वाऱ्याला उभी केली. तरी दोन-तीन दिवसांत मानेच्या मागं रुपयाएवढ्या खपल्या उठल्या. यांनी त्या बघितल्या आणि म्हणाले, "दिवाळी लांब न्हाई." एवढंच. त्यानंतर मामांनी पांघरुणाला आपणहून हात लावला नाही. मी शाळेत निघाले की दारात येऊन विचारायचे, "आज काय घालू?" मी आकाश बघून सांगायची. खपल्या हळूहळू सुकून गळाल्या. खालून बारीक पांढरे केस आले, आधी विरळ, मग बाकीच्या अंगासारखे.

दसऱ्यानंतर जयसिंगपूरहून एक पाहुणे आले. वरातीला घोड्या देणारेच होते. आमच्या घोडीबद्दल त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. त्यांनी पाठीवरून उलटा-सुलटा हात फिरवला.

"पाठ लई चांगली ठेवलीया. बोला, काय घेणार?"

यांनी मला बाजूला नेलं. मी म्हटलं, "ठरलं होतं, पाठ बिघडली तर विकायची. बिघडलेली नाही."

"व्हय, पर पाठ चांगली हाय म्हणूनच गिऱ्हाईक आलंय. असा भाव परत कोण देतंय? आणि त्येंच्याकडं चारी बाजूनं बांधलेली पागा हाय."

यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मामा भिंतीकडं तोंड करून खुराक कालवत होते. मी चहा टाकायला आत गेले.

चहा घेऊन बाहेर आले तेव्हा हे पाहुण्यांना झुलीचे पट्टे दाखवत होते. तळहाताएवढी ढील, पिंजराचा बोळा, मानेमागची पट्टी, सगळं इतकं बिनचूक सांगत होते की मला वाटलं, हा माणूस पावसाळाभर नुसता बघत नव्हता.

"मुख्य म्हंजे दोन टायमाला आत हात घालून बघाय लागतंय," हे म्हणाले. "तुमच्याकडं त्येला माणूस कोण हाय?"

पाहुणे हसले. "माणूस कुठला वो! माणूस असता तर कशाला फिरलो असतो? आमच्या तिन्ही घोड्यांच्या पाठी गेल्यात. म्हणून तर चांगल्या पाठीची बघतोय."

यांनी एकदा घोडीकडं बघितलं. मग माझ्या हातातला कप घेऊन पाहुण्यांपुढं धरला.

"पावणं, चहा घ्या. घोडी न्हाई द्यायची."

"आन् मग दाखवली कशाला?"

"तुम्ही बघायला आलासा म्हणून."

पाहुण्यांनी चहा मात्र पूर्ण घेतला. त्यांची गाडी वळणाआड गेल्यावर मामा खुराकाची पाटी ठेवून म्हणाले, "भाव बरा देत व्हता की रं."

"आता बोलतासा व्हय!" हे म्हणाले. "जावा, हाक मारून आणा त्यास्नी."

मामा जागचे हलले नाहीत.