सॅकमधल्या दोन पट्ट्या

आज शिलाई मशीनच्या खणात तेलाची कुपी शोधताना हाताला अॅल्युमिनियमच्या दोन लांब पट्ट्या लागल्या आणि तेलाच्या वासासकट जुना संताप वर आला. कोडगूच्या डोंगरात दोन दिवस भटकायचं म्हणून मी म्हैसूरची पाच दुकानं पालथी घातली होती. आत पट्ट्यांची फ्रेम असलेली, ओझं कमरेवर घेणारी आणि माझ्या पगारात बसणारी सॅक हवी होती. ती एकदाची मिळाली. घरी आणली तर अप्पांनी, माझ्या वडिलांनी, आधी तिची शिवण उलटून पाहिली. लष्कर मोहल्ल्यात जन्मभर कपडे शिवलेला माणूस! "ही काय शिलाई?" म्हणून त्यांनी नाक मुरडलं आणि मी ऑफिसला गेल्यावर पाठीकडची बाजू उसवून दुहेरी टाक्यांनी पुन्हा शिवली. डोंगर चढताना सॅक बटाट्याच्या पोत्यासारखी खाली बसली, सगळा भार खांद्यांवर आला. परतल्या परतल्या मी ओरडले, "अप्पा, आतल्या पट्ट्या कुठं गेल्या?" "काढल्या की! पाठीला टोचल्या असत्या. सुम्ने, उगाच वजन कशाला?" "अहो, त्यांच्यासाठीच तर ही सॅक घेतली!" "ठेवल्यात कुठंतरी," एवढं बोलून ते सुईत दोरा ओवायला लागले. आज पट्ट्या सापडल्या, तर अप्पा नाहीत. मी कात्री घेऊन बसले, पण त्यांचा एक टाकासुद्धा सैल झालेला नाही, आणि तो उसवल्याशिवाय पट्ट्या आत जात नाहीत. शेवटी चिडून कात्रीच खणात टाकली. दुखू देत खांदे.