अपघात वहीतलं माझं अक्षर

"उजवा हात चालते ना? मंग लिही."

सरांनी वही माझ्या पुढ्यात टाकली. माझ्या डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. हात ओढणीनं गळ्यात बांधलेला. श्वास घेतला तरी कळ जायची. ज्युदोच्या क्लासमधली सगळी पोरं भिंतीला टेकून बघत होती.

प्रत्येक क्लबात अपघाताची एक वही ठेवावी लागते. कोणाला लागलं, कसं लागलं, कोण हजर होतं, काय उपचार केला. जिल्ह्याहून कोणी तपासायला आलं की आधी तीच मागतात. आमच्या क्लबाची वही मी लिहायची. सातवीपासून. अक्षर चांगलं म्हणून. भीमनगरातली बौद्ध घरची पोरगी मी, आणि सरांनी स्वतःच्या खिशातला पेन काढून मला दिला होता. मला त्याचं इतकं अप्रूप की मी त्या वहीला कव्हर घातलं होतं.

सर सांगत गेले, मी लिहीत गेले.

"स्वतःच्या चुकीमुळे पडली. पडण्याचा सराव कमी."

काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. सर "थांबा" म्हणाले होते. मी पकड सोडली होती. क्लबाच्या अध्यक्षांच्या मुलीनं त्यानंतर मला उचललं आणि गादीबाहेर, फरशीवर आपटलं. अध्यक्ष म्हणजे संत्र्याच्या बागांचे मालक. हॉलही त्यांच्याच जागेत.

आणि म्हणे पडण्याचा सराव! चार वर्षं मी दुसरं केलं काय? नवी फेक शिकवायची असली की सर म्हणायचे, "तू उभी राह्य." मी उभी राहायची. एकेक जण यायचा आणि मला फेकायचा. माझी फेकायची पाळी यायच्या आत क्लास सुटायचा. मला वाटायचं, मी सरांची लाडकी आहे.

बाबा मार्केटातून हमालीच्या कपड्यांवरच आले. त्यांनी सरांपुढे हात जोडले. "आमच्याच पोरीची चूक असन, सर." हाड मोडलं तेव्हा मी रडले नव्हते. तेव्हा रडले.

हाड जुळलं. काही महिन्यांनी बुलढाण्याला राज्य स्पर्धेसाठी निवड चाचणी झाली. यादीत माझं नाव नव्हतं. मी विचारायला गेले तर निवड समितीतल्या एका माणसानं वहीची झेरॉक्स माझ्यासमोर धरली. "पडण्याचा सराव कमी, असं तुमच्याच क्लबनं लिहून दिलंय. अशा मुलीला राज्याला कोण पाठवणार?" मी तो कागद पाहिला. अक्षर माझंच. राज्याला अध्यक्षांची मुलगी गेली.

तरी मी क्लास सोडला नाही. हे सांगायला लाज वाटते, पण सांगते. सर एक दिवस जवळ बोलावतील आणि म्हणतील, चुकलं माझं पोरी, याची मी वाट पाहत होते. पाच वर्षं पाहिली. लहान मुलांना शिकवत राहिले आणि वही लिहीत राहिले.

मग या हिवाळ्यात सांची पडली.

सांची आमच्या गल्लीतली. चौथीत शिकते. आई लोकांच्या शेतात कापूस वेचायला जाते. सरांनी तिला बंगल्यांच्या कॉलनीतल्या एका मोठ्या मुलीसमोर उभं केलं. वजनानं दुप्पट. "तिचा सराव होऊ दे," म्हणाले. पहिल्याच फेकीला सांचीचं डोकं फरशीवर आपटलं. तिनं डोळे उघडले नाहीत. मी मनात आकडे मोजत होते. चाळीसला उघडले. मग ती ओकली.

"पाणी पाज तिले," सर म्हणाले. "आन वहीत लिही, घरी जिन्यावरून पडली. पुढच्या हप्त्यात तपासणी आहे."

जिन्यावरून.

आमच्या गल्लीत एकाही घराला जिना नाही. सरांना ते माहीत नव्हतं. नऊ वर्षांत ते एकदाही आमच्याकडे आले नव्हते.

मी मागची पानं उलटली. कॉलनीतल्या मुलांच्या नोंदी: सरावात दुखापत, बर्फ लावला, पालकांना फोन केला, सर स्वतः दवाखान्यात घेऊन गेले. आमच्या वस्तीतल्या मुलांच्या: स्वतःच्या चुकीमुळे. सांगूनही ऐकले नाही. घरूनच लागून आली. पानामागून पान. सगळं माझ्या वळणदार अक्षरात. सांगितलं सरांनी, पण लिहिलं मी. मला माझ्या हाताची किळस आली.

"मी नाही लिहत," मी म्हणाले.

सर हसले. आवाज न चढवता बोलले. "तुमच्या लोकायले जवळ केलं का असंच होते."

संपलं. ज्या वाक्याची मी पाच वर्षं वाट पाहत होते, त्याच्या जागी हे वाक्य आलं. बापाहून जास्त मानलं होतं मी या माणसाला.

मी लिहिलं. "सरावात फेकल्यावर डोकं फरशीवर आपटलं. अंदाजे चाळीस सेकंद बेशुद्ध. एक उलटी. समोरची मुलगी वजनाने दुप्पट. सर हजर होते." खाली सही केली. त्या पानाचा आणि मागच्या सगळ्या पानांचा मोबाईलवर फोटो काढला. सांचीला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "बेशुद्ध झाली होती का? किती वेळ?" मी फोटो दाखवला. त्यांनी लगेच खामगावच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. डोक्यात रक्त साचलं होतं. सांची वाचली. डाव्या कानानं तिला आता ऐकू येत नाही.

क्लबानं मला काढलं. मी तक्रार लिहायला घेतली. क्रीडा कार्यालयात फोटो दाखवले तर साहेब म्हणाले, ज्यांच्या नोंदी खोट्या आहेत म्हणता, त्यांचे जबाब आणा.

काल पहिल्या घरी गेले. तिथली मुलगी पोलीस भरतीची तयारी करायची. गुडघा गेला, भरतीही गेली. तिच्या नावापुढे "सांगूनही ऐकले नाही" असं लिहिलेलं आहे. तिची आई दारात आली.

"तवा तूच लिवलं होतं ना व? आता काऊन आली?"

"हो मावशी. मीच लिवलं होतं."

तिनं दार लावून घेतलं. तिचं बरोबर आहे.

उद्या परत जाणार आहे. परवाही. एकेक घर घेणार, शिव्या खाणार, पण प्रत्येकाचं खरं लिहून आणणार. तक्रारीत एक रकाना आहे, तक्रार कोणाविरुद्ध. त्यात मी सरांचं नाव लिहिलं आहे. त्याच्या खाली माझं.