अजून कळते त्याले

"थांबा मॅडम, अजून कळते त्याले."

मेडशीच्या जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात काकांनी माझा हात असा अडवला. काका आमचे परिचर. समोर शिंगाचा कॅन्सर झालेला बैल. भुलीचं इंजेक्शन देऊन पाच मिनिटं झाली होती आणि मी करवत उचलली होती. काकांनी शिंगाच्या मुळाशी सुई टोचली. "पाय आपोआपही हालते. डोया पाहा." डोळा बारीकसा हलला.

दर ऑपरेशनला हेच. शेतकरी घाईत, मी घड्याळाकडे बघतेय आणि काका सुई धरून उभे. तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेल, ज्याच्यामुळे कुठलंच काम वेळेवर उरकत नाही.

वाशीमला एकदा प्रशिक्षण होतं. प्राध्यापकांनी पडद्यावर मेंदूची चित्रं दाखवली. अंग आक्रसणं वेगळं, दुखणं जाणवणं वेगळं. जनावराला आतून काय वाटतं यावर जगभर वाद चालू आहे, छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही, असं ते म्हणाले. पेटी उचलायला सोबत आलेले काका मागच्या रांगेतून उठले.

"सर, माहीत नाही, तं मंग भूल द्याची का नाही?"

"द्यायचीच."

"बस," म्हणाले आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

एका सकाळी फरशीवर रक्त दिसलं. आम्ही दोघांनी बांधलेल्या बैलाचे चारही खूर उचलून पाहिले. रक्त काकांच्या चपलेतून येत होतं. खिळा तळव्यात घुसला होता. त्यांना जुनी शुगर होती.

"बैलाचं समजते मले," ते पायाकडे बघत म्हणाले, "अन् माह्याच पायाचं नाही."

माणसांच्या दवाखान्यात जा म्हटलं, तर म्हणाले लसीकरण आटोपलं की जातो. मी बरं म्हणाले. मला कामाला माणूस हवा होता.

लसीकरण पंधरा दिवस चाललं. मग वाशीमला त्यांचा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. भेटायला गेले तेव्हा ते चादरीच्या सपाट भागाकडे बघत होते.

"मॅडम, होता तवा दुखला नाही. आता नाही तं दुखून राह्यला. सुई कुठं टोचून पाहू?"

मी चादर सारखी केली. महिन्याभरात ते गेले. अंत्ययात्रेत मी चालले, घरी येऊन वरण-भात जेवले, दुसऱ्या दिवशी कामावर गेले. रडू आलं नाही. अजूनही येत नाही आणि त्याचीच मला भीती वाटते.

परवा पुन्हा शिंगाच्या कॅन्सरचा बैल आला. भूल दिली, थांबले, सुई टोचली. डोळा हलला नाही. मी पुन्हा टोचली. मग पुन्हा.

"मॅडम," शेतकरी हळूच म्हणाला, "त्याले काईच नाही कळून राह्यलं आता."

"माहीत आहे," मी म्हणाले आणि सुई धरून तशीच उभी राहिले.