अंबू आमच्या घरी यायची तेव्हा

अंबूच्या मुलाचा, श्रीनिवासचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. "मावशी, आई गेली. सकाळी उठवायला गेलो तर..." मी काहीतरी विचारलं, त्यानं काहीतरी सांगितलं. फोन ठेवून मी कपड्यांच्या बोळ्यासकट स्टुलावर बसले. लहानपणची मैत्रीण गेल्यावर मनात पहिल्यांदा काय यावं? माझ्या मनात आलं, ही माझ्याआधी माझ्या आईकडे पोचली. पासष्टी ओलांडलेल्या बाईच्या मनात हे असलं यावं... पण आलं खरं. आता काही आठवडे लोटलेत, जरा शांतपणे लिहिता येतंय, तर खोटं कशाला लिहू? अंबू माझी जिवाभावाची होती, आणि जन्मभरात मी कुणाचा हेवा केला असेल तर तो तिचाच.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. सोलापुरात आमच्या मुलींच्या शाळेत आठवीला अंबू माझ्या बाकावर आली. ती पूर्व भागातल्या विणकरांच्या वस्तीतली. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि नळावर भांडायला दखनी, अशा तिच्या तीन भाषा. वडिलांचा चादरींचा छोटा कारखाना होता, म्हणजे खाली चार माग आणि वरच्या दोन खोल्यांत संसार. तिची आई विड्या वळायची. आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो, कारण बाबा गार्ड होते. ते घरी कमी आणि गाडीवर जास्त. माझी आई अक्कलकोटकडची, बोलण्यात कानडी हेल. लग्नाआधी ती देवळातल्या एका बुवांकडे गाणं आणि पेटी शिकली होती. लग्नात ती पेटी तिच्याबरोबर सासरी आली, गाणं मात्र माहेरीच राहिलं. म्हणून मी सात वर्षांची झाल्यापासून आई मला पेटीवर बसवायची. माझी बोटं लाकडाची होती. आई कधी रागावली नाही, फक्त हळूच सुस्कारा टाकायची. त्यापेक्षा तिनं धपाटा घातला असता तर बरं वाटलं असतं.

अंबू पहिल्यांदा घरी आली ती माझ्याबरोबर गणितं सोडवायला. मी हातपाय धुवून येईपर्यंत ती पेटीजवळ बसली होती. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. "वाजव की," आई सहज म्हणाली. अंबूला वाजवता येत नव्हतं. तिनं एक पट्टी दाबली, ऐकली आणि तो सूर गळ्यातून काढला. मग दुसरी. चुकली की स्वतःशीच मान हलवायची आणि परत मागून सुरुवात करायची. तिचा आवाज एवढा मोठा होता की शेजारच्या क्वार्टरमधल्या काकू दारात आल्या. मला हसू आलं. आईकडे बघितलं तर ती हातात पीठ तसंच धरून बसलेली, आणि तव्यावर भाकरी करपत होती. आईच्या हातून भाकरी करपलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

"अगं, एवढ्या जोरात का गातेस?" आईनं विचारलं.

"घरी माग चालू असतात ना, काकू. जोरात नाही गायलं तर मलाच ऐकू येत नाही."

आई खूप वेळ हसत राहिली. मग म्हणाली, "उद्यापासून शाळा सुटली की हितं येत जा. मी तुला हळू गायला शिकवते."

आणि अंबू येऊ लागली. तिचा दिवस मी जवळून पाहिला आहे, म्हणून सांगते की आजच्या क्लासवाल्या मुलांना तो ऐकूनच धाप लागेल. उजाडायच्या आत उठून ती मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. चरख्याच्या फिरण्यावर सारेगम म्हणत भरायची, त्यामुळे कामही व्हायचं आणि पलटेही. मग पाणी. दुष्काळाच्या वर्षी तर टँकरच्या रांगेत घागर ठेवून, घागरीवरच ताल धरलेली अंबू मी पाहिली आहे. शाळेत प्रार्थना तिची. पंधरा ऑगस्टला झेंड्याचं गाणं तिचं, गॅदरिंगला नाटकातली पदंही तिचीच, आणि नाटकातल्या नायिकेला गाता येत नसेल तर पडद्यामागून गाणारीसुद्धा तीच. मधल्या सुट्टीत आम्ही चिंचा खायचो, तेव्हा हिला कुठल्या तरी बाईंचं बोलावणं आलेलं असायचं. डबा जिन्यावर चालता चालता संपायचा. शाळा सुटली की आमच्या घरी तासभर. तिथून घरी पळत. संध्याकाळी आईशेजारी बसून विडीची पानं कातरायची, तोंडानं बंदिश चालू. गुरुवारी गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी, गणपतीत मेळा. अभ्यास कधी करायची देव जाणे. पण भूमितीत मला तिच्यापेक्षा कधी जास्त मार्क पडले नाहीत, हेही सांगून टाकते.

आमच्या क्वार्टरमागे रूळ होते. इंजिनाची शिट्टी झाली की दोघी थांबायच्या आणि अंबू म्हणायची, "काकू, होटगीकडची गाडी. काळी दोन!" आई पेटीवरची ती पट्टी दाबून बघायची, दोघी खिदळायच्या. मी आतल्या खोलीत इतिहासाचं पुस्तक उघडून बसलेली असायची. त्याच गाड्या मी जन्मापासून ऐकत होते. बाबा त्यातल्याच एखाद्या गाडीवर असायचे. मला त्यांत कधी सूर ऐकू आला नाही... आणि आई माझ्याबरोबर अशी कधी खिदळली नाही.

नववीत मी पेटी सोडली. "मला अभ्यास आहे," असं म्हणाले. मनात होतं की आई म्हणेल, बस गप, रोज थोडं तरी वाजवायचंच. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं." एवढंच. त्या "बरं"ला किती वर्षं झाली, पण अजून ते मला कुठंतरी टोचतं. त्यानंतर अंबू आली की मी दार उघडायची, "आई आत आहे" म्हणायची आणि बाजूला व्हायची. माझ्याच घरात.

अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्षी, गावातल्या शाळांची गायनस्पर्धा होती. साथीला बसणारे सर ऐन वेळी तापानं पडले, तेव्हा अंबूनं सरळ मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं, "माझ्या काकू वाजवतील." आई आधी नको नको म्हणाली. मग तिनं ट्रंकेतलं जांभळं इरकल काढलं. मी पहिल्या रांगेत होते. आई स्टेजवर बसली, पदर खोचला, भात्यावर हात ठेवला आणि एकदम वेगळीच बाई दिसायला लागली. मान ताठ, डोळ्यांत चमक. अंबू गायली, तो तिचा हळू झालेला, तयार झालेला आवाज... आई तिच्याकडे बघत होती, तसं कुणी माझ्याकडे बघावं म्हणून मी काहीही दिलं असतं. पहिलं बक्षीस मिळालं. बाहेर पडताना कुणाची तरी आई मला म्हणाली, "तुझी बहीण काय गोड गाते गं!" मी "हो" म्हणाले. काय म्हणणार?

परीक्षा संपली आणि अंबूचं लग्न ठरल्याचं कळलं. स्थळ भिवंडीचं, घरचे माग असलेलं. आई दुसऱ्याच दिवशी मला सोबत घेऊन तिच्या घरी गेली. अंबूचे वडील कारखान्यात होते. चारही माग चालू, त्या खटखटीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. आईचा आवाज मुळात बारीक. ती बोलत राहिली, ते कानाला हात लावून "काय? काय?" करत राहिले. शेवटी आईनं माझा दंड धरला. "शैले, तू सांग त्यांना. ओरडून सांग."

मी जिन्याकडे बघितलं. अंबू जिन्यात उभी होती, हातात कांड्यांची टोपली. ती भिवंडीला गेली की आई माझी एकटीची होणार होती, हे मला त्या क्षणी अगदी लख्ख कळत होतं. मग मी सगळा जीव एकवटून ओरडले, "आई म्हणतेय, तिचं लग्न दोन वर्षं थांबवा! तिला गाणं शिकू द्या! आई म्हणतेय, असा गळा शंभरात एखादीला असतो!"

त्यांनी हात वर करून एक माग बंद केला. "बाई," ते आईला म्हणाले, "गाणं चांगलं हाय की. मी कुठं नको म्हणतोय? पण हिच्या मागं अजून दोघी हायत. असं घर परत चालून येत नसतंय." त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी पुन्हा माग चालू केला. परत येताना आई माझ्या पुढं चालत होती. नव्या पेठेच्या कोपऱ्यावर एकदम थांबून म्हणाली, "चांगलं ओरडलीस." तिनं दिलेली ती शाबासकी मी अजून जपून ठेवली आहे, आणि तीही अंबूपायीच मिळालेली.

लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं पेटी टांग्यात घालून अंबूकडे पाठवली. मी कॉलेजच्या फॉर्मसाठी बाहेर गेले होते. आले तर कोपरा रिकामा.

"पेटी माझी होती!" मी म्हणाले.

"तुझी होती तेव्हा तू कुठं होतीस?" आई म्हणाली.

आम्ही आठवडाभर एकमेकींशी बोललो नाही. पुढं बोलायला लागलो, पण घरात बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. गाड्या जायच्या, शिट्ट्या व्हायच्या, आई भांडी घासत राहायची. हवी तशी आई माझ्या वाट्याला आली होती... आणि ती अशी आली होती.

पुढं मी बँकेत लागले, लग्न होऊन पुण्याला गेले. अंबू भिवंडीत आसपासच्या पोरांना गाणं शिकवत होती. मिस्टर वारल्यावर मुलाला घेऊन ती सोलापूरला परतली आणि वडिलांच्या जुन्या कारखान्यात, जिथं माग होते तिथंच, तिनं गाण्याचा वर्ग सुरू केला. बाबा गेल्यावर आई पुण्याला यायला तयार होईना. तिचे कान गेले होते. मी महिन्यातून एकदा जायची, फळं, औषधं घेऊन. अंबू रोज जायची. एकदा मी दारात पोचले तर आतून जुना आवाज, मागावर मात करणारा तो आठवीतला आवाज येत होता. आई खुर्चीत, आणि अंबू तिच्या कानाशी वाकून जीव खाऊन गातेय. "अजून जोरात गं," आई म्हणत होती. मी फळांची पिशवी घेऊन बाहेरच उभी राहिले. आई गेली तेव्हाही तिच्याजवळ अंबूच होती. मी सकाळच्या गाडीनं पोचले.

आमची शेवटची भेट गेल्या दिवाळीत झाली. चहा पिता पिता मी एकदम बोलून गेले, "अंबू, मला तुझा फार हेवा वाटायचा गं. अजून वाटतो."

"ठाऊक होतं की," ती म्हणाली. बशीत चहा ओतत होती, वर बघितलंसुद्धा नाही. "दार उघडायचीस तेव्हा तुझं तोंड बघायची ना मी. रोज वाटायचं, उद्यापासून येऊ नये. पण रोज यायची. शैला, मला गायला दुसरं घरच नव्हतं." मग कप खाली ठेवून, "काकूंनी किती आग्रह केला तरी मी तुमच्याकडं कधी जेवले नाही, आठवतं का तुला? तेवढं तरी तुझं तुला राहू दे म्हणायची."

मला आठवत नव्हतं. मी कधी पाहिलंच नव्हतं.

दहाव्याला मी सोलापूरला गेले. कार्य आटोपल्यावर श्रीनिवास म्हणाला, "मावशी, खाली वर्गात मुली आल्यात. नका येऊ म्हटलं तरी ऐकेनात." मी खाली उतरले. सतरंजीवर सात-आठ मुली बसल्या होत्या, मोठ्या मुलीनं स्वर धरला होता, आणि दुसरी-तिसरीतली एक चिमुरडी डोळे मिटून गात होती. सूर नेमका लागला तसं तिनं उजव्या हाताच्या बोटानं डाव्या मनगटावरून काहीतरी मागं सारलं. मी चमकले. ही सवय माझ्या आईची. सूर मनासारखा लागला की ती मनगटावरची काचेची बांगडी अशीच बोटानं मागं सारायची, तिच्या नकळत. या पोरीचं मनगट तर मोकळं होतं. तिनं माझ्या आईला पाहिलेलं नाही, ती आईच्या मृत्यूनंतर जन्मलेली. अंबूकडून उचललं असणार तिनं, आणि अंबूनं आमच्या घरातून. मी आईच्या पोटची, तिच्यासमोर वाढले, आणि माझ्या हातांना ते कधी आलं नाही.

मी भिंतीला टेकून सतरंजीच्या कडेला बसले.

"परत एकदा म्हण गं," मी तिला म्हटलं.

तिनं डोळे मिटले, सूर लावला, आणि नसलेली बांगडी हळूच मागं सारली.