मीरासाहेबाचं फणसाचं खोड

मीरासाहेबावर माझा राग नव्हता, जळफळाट व्हता. आधीच सांगून टाकतो. मागनं कुणी म्हणाय नको की मारुतराव सुतारानं लपवलं.

तो चाकणचा, मी मोशीचा. दोघंबी पखवाजाची खोडं कोरायचो, म्हंजे चामडं चढवायच्या आधीचा पोकळ लाकडी भाग. आळंदीला मोशी जवळ, तरी तिथले बुवा जायचे चाकणलाच. काय तर म्हणे, मीरासाहेबाच्या खोडाला गळा हाय! मग माझ्या खोडाचा काय घसा बसलाय?

मी बाभूळ, आंबा, मिळंल ते वापरायचो. तो फणसाबिगर हात लावायचा न्हाई. घाटाखालच्या दाट रानात जाऊन, टिचकी मारमारून जुना फणस निवडायचा. त्या लाकडाला वाळवी लागत न्हाई, दाराखांबाला केलं तर नातू-पणतू वापरत्यात, आन घुमतं ते थेट छातीत. भुसाबी वाया जायचा न्हाई. त्याची बायको रहिमाबी तो उकळून कापडं पिवळी करायची. मग हा गडी हळदीच्या नवरदेवागत पिवळी कोपरी घालून बाजारभर मिरवायचा. मला तीबी बघवायची न्हाई.

छप्पन साली आळंदीच्या रंगरावबुवांना नवा पखवाज पायजे व्हता. मी स्वतः गेलो. "बुवा, एकदा मला देऊन बघा," म्हटलं. बुवा नुसते हसले आन काम चाकणला दिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ओलं खोड कोरलं की दोन्ही तोंडांना शेणमाती लिंपायची आन सावलीत, गोणपाटाखाली सहा महिने ठेवायचं. तोंडाकडनं वल घाईनं गेली की लाकूड तडकतं. आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाबी ठावं.

चैत्रात चाकणच्या बाजाराला गेलो तवा मीरासाहेब दुपारच्या नमाजाला गेलेला, रहिमाबी माहेरी. पडवीत बुवांचं खोड. मी भिंतीकडच्या तोंडाचा लेप पार खरवडून काढला आन गोणपाट व्हतं तसं पांघरलं.

महिन्याभरानं मीरासाहेब माझ्या दारात. मला वाटलं, कळलं याला. आता गचांडी धरतोय. तो ओट्यावर बसला आन म्हणाला, "मारुतराव, खोड या टोकापासनं त्या टोकापातुर उललं. माझाच लेप निसटला. साधा लेप बसंना तर हात गेला म्हणायचा माझा. बुवांचं काम तुमी घ्या. फणसाचा दुसरा ओंडका हाय, त्योबी घेऊन जावा."

तवाच बोलायला पायजे व्हतं. मी "बरं" म्हटलं. एवढंच.

त्यानं पुन्हा खोड कोरलं न्हाई. पिंपरीला नव्या कारखान्यात मालाची खोकी ठोकायला लागला. बुवांचा पखवाज मी केला, झ्याक झाला. पुढं कामाला तोटा पडला न्हाई.

पर एकबी गिऱ्हाईक माझं नाव ऐकून येत न्हाई. येईल ते दारात उभं ऱ्हाऊन म्हणतं, "मीरासाहेबांनी पाठवलंय. म्हणाले, माझ्यापेक्षा मारुतरावांचा हात साफ हाय." मी त्याला आत घेतो, पाणी देतो आन बसल्या जागी जळतो.